कोहळ्यावरचा पहिला घाव

सन दोन हजार चोवीस, मी बहात्तर वर्षांचा. पावसाळ्यात लकवा मारला अन् उजवा हात कामातून गेला. म्हातारा संपला, असं घरातही बोलायचे. मला ऐकू येत होतं.

शेजारी एक विधवा बाई राहते. बाजारात कोहळा, म्हणजे लाल भोपळा, घेताना ती आधी वाळलेलं देठ पाहते, मग बोटानं ठोकून आवाज ऐकते. कच्चा वाटला की विकणाऱ्याला तोंडावर म्हणते, "लेकराले पोटातूनच काढून आणलं का जी?" घरी भाताच्या तणसावर एकाला एक लागू न देता ठेवते, होळीपर्यंत सडत नाही. साल न काढता मेथीदाणे अन् गूळ घालून शिजवते.

आमच्याकडे कोहळ्यावर पहिला घाव बाई घालत नाही, गडीमाणूस घालतो. तिचा कोहळा वीस वर्षं मीच फोडत आलो. दिवाळीनंतर ती कोहळा अन् विळा घेऊन आली.

मी म्हटलं, "माझ्या पुतण्याकडं जा."

"काऊन जी? तुमी मेले का?"

तिनं विळा माझ्या उजव्या हातात दिला अन् माझ्याकडे पाठ करून माझ्या सुनेशी मिरच्यांच्या भावाचं बोलत बसली. मी घाव घालत राहिलो. विळा घसरायचा. कितव्यांदा कोण जाणे, सालीत बोटभर रुतला. मग ती वळली.

"झालं जी. बाकी माझं काम."

संध्याकाळी तिनं वाटीभर भाजी पाठवली.

लकव्यापासून माझी दाढी करायला न्हावी घरी यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला परत पाठवलं अन् माझी दाढी मी उजव्या हातानं केली. दोन जागी कापलं.