नावातच फॉरेन्सिक

“नक्की कशानं, सर?” हा तिचा ठरलेला प्रश्न. वर्गातली ट्यूबलाइट गेली तरी हाच, शेजारचा मुलगा नापास झाला तरी हाच. मी चिडवायचो, “बाई, परीक्षा तू माझी घेतेस की मी तुझी?” ती हसायची नाही. उत्तर मिळेपर्यंत तशीच उभी राहायची.

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर माझा अकरावी-बारावीचा केमिस्ट्रीचा क्लास आहे. ती चामटोलीहून यायची. तुमच्याही ओळखीत असं एखादं पोर असेल, जे समोर असलं की डोकं खातं आणि नसलं की करमत नाही.

माझी म्हातारी आत्या वारली तेव्हा ती आईला घेऊन भेटायला आली. टेकली आणि तिनं विचारलंच. माझी बायको डोळे वटारून बघायला लागली.

“वयानं गेली गं,” मी म्हणालो.

“वय हे कारण नसतं, सर.”

तिची आई ओशाळली. निघताना तिनं मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मुलगी दहावीत असताना तिचे वडील एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत कामावरच कोसळले आणि गेले. कंपनी म्हणाली, हार्ट. गाव म्हणालं, दारू. या माणसानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पोस्टमॉर्टेममध्ये पोटातले नमुने काढून, बाटल्यांत भरून, विष तपासायला सरकारी प्रयोगशाळेत पाठवले होते. मायलेकी पोलीस ठाण्यात खेटे घालत होत्या आणि हवालदार सांगत होता, “नाय आला अजून रिपोर्ट.”

पोरीला त्याच प्रयोगशाळेत नोकरी करायची होती. “बाबांची बाटली तिथंच कुठंतरी असेल ना, सर?” तिनं एकदा विचारलं. मी फळा पुसायला लागलो.

बारावीनंतर मी बजावलं, “साधं बीएस्सी कर, केमिस्ट्री घेऊन. विष ओळखायचं तर केमिस्ट्रीच लागणार.” पण तिच्या मामांनी एका नव्या कॉलेजचं पत्रक आणलं होतं. त्यावर भिंग होतं, बोटांचे ठसे होते, आणि पदवीच्या नावातच फॉरेन्सिक होतं.

“सर, ज्या देवलान जायाचा, त्याचीच वाट धरायची ना?” मामा म्हणाले. त्या पत्रकापुढे माझं काय चालणार? माझ्याकडे भिंगही नव्हतं.

तीन वर्षं ती ठसे, सह्या, रक्ताचे डाग असं थोडं थोडं सगळं शिकली. अधूनमधून क्लासवर यायची. माझा कप उजेडात धरून म्हणायची, “सर, हा काल धुतलेला नाही.” तेवढीच काय ती तिची थट्टा.

मग त्या प्रयोगशाळेच्या भरतीची जाहिरात आली. विष तपासणाऱ्या विभागातल्या जागांना केमिस्ट्रीची पदवी हवी होती. मामा मान खाली घालून बसले. तीच म्हणाली, “पहिल्या वर्षापासून परत करते.” मी ओळखीच्या प्राध्यापकांना फोन करून तिच्यासाठी जागा धरून ठेवली.

कॉलेज सुरू व्हायच्या आधीच पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. इतक्या वर्षांनी रिपोर्ट आला होता. नमुने कुजल्यामुळे मृत्यूचं कारण सांगता येत नाही, एवढंच त्यात होतं.

संध्याकाळी ती क्लासवर आली.

“केमिस्ट्री सोडू नकोस,” मी म्हणालो. “दुसऱ्या कुणाच्या बापासाठी तरी कर.” बोललो खरा, पण माझाच त्यावर विश्वास नव्हता.

“दुसऱ्यांच्या बाटल्या तरी नीट राहिल्यात का, सर?” तिनं चपला घातल्या आणि निघून गेली.

धरून ठेवलेली जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. ती हल्ली उल्हासनगरला साडीच्या दुकानात असते, “भाभी, ये वाला देखो” म्हणत. क्लासवर कधी येत नाही. आणि चामटोलीत तिचा बाप आता कायमचा दारूनं मेलेला आहे.