मिस्तरी, वाजवून बघा

"मिस्तरी, वाजवून बघा," असं म्हणून बायकोनं बोटाचं पेर भिंतीवर ठोकलं.

नातीच्या खोलीतलं काम माझ्या मते संपलं होतं. मी थापी धुऊन ठेवली होती. ही मात्र नातीच्या पलंगाचं डोकं येतं तिथं खाली बसून, कान लावून ठोकत होती.

"बद्द वाजतंय."

"वाजू दे. वरून रंग बसला की कुणाला कळतंय?"

"पोरीच्या छातीला कळंल."

तिनंच छन्नी घेतली. आतून ओला, खारट भुगा निघाला. तुकडा म्हणता म्हणता कमरेइतकी भिंत सोलली. मी चिडलो, लई बोललो. मग तिनं सिमेंट-वाळूचा माल कालवला, घमेलं माझ्यापुढं ठेवलं, अन् मी मारला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

तुमच्या गल्लीतही अशी एखादी बाई असंल, जी डोळ्यांवर भरवसा ठेवत नाय. आमच्यात ती माझी बायको होती. पाचोडच्या बाजारात ती माठ असे वाजवायची की माठवाला म्हणायचा, "मावशी, माठ घ्यायचाय का तबला?" मुलासाठी पोरगी बघायला गेलो, तर हिनं चहा यायच्या आधी त्यांच्या घराची भिंत वाजवली. बाहेर येऊन म्हणाली, "भरीव घर हाय. पोरगी बी भरीव निघंल." सुनेला हे पुढं कळलं. ती अजून टोमणा मारते, "मला नाय, आमच्या भिंतीला पसंत केलं आत्यांनी."

मला ती भेटली तीच असं वाजवून. शेंद्र्याकडं एका शेडचं काम चालू होतं. ही करमाडहून बिगारी म्हणून आलेली. पहिल्याच दिवशी ठेकेदारासमोर माझं प्लास्टर ठोकून म्हणाली, "मिस्तरी, हे पोकळ हाय." माझी चौथीपर्यंतची शाळा, पण तोंड दांडगं. मी तिला असं काही बोललो की ते इथं लिहिण्यासारखं नाय. ती हलली नाय. प्लास्टर पाडावं लागलं. पुढं लग्न झालं. बाया उंबऱ्यात अडवून म्हणाल्या, नाव घे. ही म्हणाली:

"वाळू चाळली, सिमेंट घातलं, पाणी घातलं जरा,
मिस्तरींचं नाव घेते, माल लवकर मारा."

"अगं, नाव कुठंय त्यात?" तिची चुलती म्हणाली.

"हेच नाव हाय त्यांचं."

जन्मभर मग मी मिस्तरीच राहिलो. घरातही, दवाखान्यातही.

आता खोलीचं सांगतो. मागच्या मोरीचा पाइप गळून त्या भिंतीत ओल मुरली होती. नातीला दम लागायचा, छातीत शिट्टी वाजायची. पाइप बदलला, पण ओल हटेना. एक दिवस सुनेनं पिशवी भरली अन् पोरीला पाचोडला माहेरी नेलं. जाताना म्हणाली, "मामा, भिंत कोरडी करा. नायतर तिला तिकडंच शाळेत घालते." मुलगा खाली मान घालून उभा. हिनं पदर खोचला अन् ती भिंतीशी जाऊन बसली. नात पाचोडला गेल्यावर तिला जेवण गोड लागत नव्हतं. मला दिसत होतं.

तर त्या दिवशी दुपारी माल मारून झाला. "पाठ टेकते जरा," म्हणून ही सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर आडवी झाली. मी बाहेर घमेलं धुतलं. चहा ठेवू का म्हणून आवाज दिला. उत्तर नाय. परत दिला.

डॉक्टर म्हणाला, हृदय. असंल.

संध्याकाळी मातीला नेलं. परत आल्यावर सगळ्यांना आंघोळी करायच्या होत्या. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो. घरातलं पाणी पाहुण्यांत संपलं. उरला खोलीतला ड्रम. तो हिनं भिंतीसाठी भरून ठेवला होता. नव्या प्लास्टरला आठवडाभर पाणी मारावं लागतं, नायतर तडा जातो, अन् तडा गेला की ओल परत आत.

मेव्हण्यानं ड्रमात बादली बुडवली. मी त्याचं मनगट धरलं.

"याला हात लावायचा नाय."

"दाजी, आमची बहीण गेली, अन् तुम्हाला पाण्याची पडलीय?"

"तुझ्याच बहिणीनं भरलंय. जा, करमाडला जाऊन आंघोळ कर."

कुणीतरी मागनं म्हणालं, "डोकं फिरलं म्हाताऱ्याचं." मेव्हणा रडत बाहेर गेला. मीही रडलो असतो, पण मग ड्रम कुणी राखला असता? मी तिथंच ड्रमाला पाठ लावून बसलो. सून पोरीला माहेरी ठेवून एकटीच आली होती. दारातून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तांब्या घेतला. पाणी मारणं बिगाऱ्याचं काम. सगळा जन्म मी माल मारला अन् पाणी हिनं मारलं. मी जोरात फेकलं, तर ओल्या मालाला खळगी पडली. मग हातानं शिंपडायला लागलो, थोडं थोडं, वरून खाली.

"मामा!" सून मागं उभी. "कोरडी करा म्हटलं होतं मी. तुम्ही भिजवताय?"

"ती ओल आतली होती, ती काढली. हे वरचं पाणी. हे पिऊनच माल घट्ट धरतो. मग वाळंल."

"नक्की वाळंल?"

"तुझ्या सासूनं माझ्याशी भांडून करून घेतलंय. वाळंल."

ती शेजारणीकडं गेली, पाण्याचा हंडा घेऊन आली अन् ड्रमात ओतला. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पलंग कुठं लावायचा पोरीचा?"

मी वाकून ओल्या बोटानं फरशीवर पहिल्याच जागी रेघ ओढली, अन् परत भिंतीला पाणी मारायला लागलो.