नरसय्यांच्या डोक्यावरची टोपी

माणूस मेलाय. आता तरी त्यांच्या डोक्यावरची ती टोपी काढा.

सात रस्ता चौकाजवळच्या ज्या चायनीज रेस्टॉरंटमध्ये नरसय्या अठ्ठावीस वर्षं वेटर होते, त्याच्या पेजवर आज सकाळी नरसय्यांचा फोटो आला. भोवती फुलांची फ्रेम. खाली लिहिलंय, 'आमच्या परिवारातील सदस्य'.

आणि डोक्यावर लाल सॅटिनची गोल टोपी. तिला मागे काळ्या लोकरीची वेणी.

दोन वर्षांपूर्वी रेस्टॉरंट नव्याने सजवलं, तेव्हा सगळ्या वेटरना ही टोपी सक्तीची झाली. बाकीचे विशीतले होते, त्यांनी सेल्फी काढले. नरसय्या साठीचे. विणकराच्या घरातला माणूस. लूम बंद पडले म्हणून हातात ट्रे घेतलेला.

लोक ती वेणी ओढायचे. होय, ओढायचे. एका बापाने आपल्या लेकाला कडेवर घेऊन ओढायला लावली, मी शेजारच्या टेबलावरून पाहिलंय.

नरसय्या हसले. मग माझ्या आणि मिस्टरांच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, सूप लई गरम आहे. सरांना दोन मिनिटांनी द्या."

सकाळी मी मालकाला फोन केला. माझाच विद्यार्थी. सहावी ब, शेवटचा बाक.

"तो फोटो काढ."

"मिस, कस्टमरला लई आवडायचं की ओ ते."

"काउंटरमागे तुझ्या वडिलांचा फोटो आहे. त्यांना घाल ती टोपी. तेही आवडेल कस्टमरला."



"बघतो मिस. आज संडे आहे, रश आहे."

म्हणजे रेस्टॉरंट चालू आहे! परिवारातला सदस्य गेलाय आणि परिवार मंचाव सूप विकतोय.

आत्ता संध्याकाळचे सहा वाजलेत. टोपी अजून तिथेच आहे. म्हणून इथे लिहितेय.

नरसय्यांनी आमची ऑर्डर कधी लिहून घेतली नाही. एसीचा झोत कुठल्या खुर्चीवर येतो हे त्यांना माहीत असायचं, आणि माझ्या मिस्टरांना, अशोकना, ते तिथे कधीच बसू द्यायचे नाहीत.

अशोकना पार्किन्सन्स होता. हात थरथरायचे. तरी महिन्यातून एकदा हक्का नूडल्स पाहिजेतच.

एकदा नूडल्स आल्या त्या बोटभर लांबीच्या. तुकडे तुकडे.

मी भडकले. "नरसय्या, या काय नूडल्स आहेत? शेवयांचा चुरा आणलाय का? किचनमध्ये कुणाला काही येतं की नाही?"

पस्तीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज. सगळा हॉल वळून बघायला लागला.

"सॉरी मॅडम. बदलून आणतो."

"राहू द्या," अशोक म्हणाले. "मला अशाच हव्यात." आणि चमच्याने पूर्ण प्लेट संपवली. शर्टावर एक डाग नाही.

रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "कमाल आहे तुझी. त्यांनी मुद्दाम कात्रीने कापून आणल्या होत्या. मागच्या वेळी माझ्या हातून तीनदा सांडलं. तू बोलत होतीस. त्यांनी पाहिलं."

त्यानंतर प्रत्येक वेळी नूडल्स कापूनच आल्या. नरसय्या एका शब्दाने काही बोलले नाहीत.

मीही बोलले नाही.

सॉरी म्हणायला किती वेळ लागतो? कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी पट्टी मारून शिकवलेला शब्द. मी शेकडो पोरांना कान धरून म्हणायला लावलाय. ओरडले सगळ्या हॉलसमोर, आणि माफी मागायची तर म्हणे एकांत हवा. पुढच्या वेळी म्हणू, पुढच्या वेळी म्हणू.

गेल्या वर्षी अशोक गेले. नरसय्या घरी आले. पांढरा शर्ट, डोकं उघडं, केस नीट विंचरलेले. दारातच उभे.

"बसा."

"नको मॅडम, बरं आहे."

"अहो, बसा की!"

तिसऱ्यांदा सांगितल्यावर खुर्चीच्या कडेवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. त्या रेस्टॉरंटमध्ये वेटरने गिऱ्हाइकांसमोर बसायचं नाही असा नियम आहे. हॉल रिकामा असला तरी भिंतीशी उभं राहायचं. पाय सुजले तरी.

चहा पिताना म्हणाले, "सरांची कात्री अजून किचनमध्ये खिळ्याला आहे. कुणाला घेऊ देत नाही मी."

त्यांनी स्वतःहून विषय काढला होता. मला फक्त एक शब्द म्हणायचा होता.

मी म्हणाले, "बिस्किटं घ्या ना."

बिस्किटं आणायला आत गेले, येऊन बघते तर खुर्ची रिकामी. नरसय्या मोरीत दोन्ही कप विसळत होते.

"अहो, तुम्ही पाहुणे आहात!"

"सवय आहे मॅडम."

आज त्यांच्या मुलीला फोन करून चांगला फोटो मागितला. शक्यतो बसलेला.

ती वडिलांना नान्ना म्हणते. रडत म्हणाली, "मॅडम, नान्नांचा बसलेला फोटोच नाही ओ. माझ्या लग्नात पण वाढतच होते."

तो लग्नातलाच फोटो तिने पाठवलाय. हातात वाढप्याचं भांडं आहे, पण डोकं उघडं आहे. सोबत जोडतेय. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या हातचं खाल्लंय त्यांनी हा शेअर करा, तो नको.

आणि सहावी ब, तुला टॅग केलंय. रश संपला की वाच.

नरसय्या, मी तेव्हा सगळ्या हॉलसमोर ओरडले होते. म्हणून आज सगळ्यांसमोर म्हणते.

सॉरी.

नूडल्स अगदी बरोबर होत्या.

आता बसा. नीट, टेकून बसा. कप राहू द्या, मी विसळते.