मिस्त्रींच्या सदऱ्यावरची हळद

ती घटना घडून बरीच वर्षं झाली. तरी अजूनही कुठल्या मांडवात हळदीचा वास आला की मला आधी तो पांढरा सदरा आठवतो आणि मग हसू येतं. अपघाताच्या गुन्ह्याची आठवण काढून हसणारा अधिकारी विरळाच, पण हा गुन्हाच तसा होता.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी कोल्हापूरजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो. शिरोली एमआयडीसीकडून येणारा एक रस्ता आमच्या हद्दीत होता. गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळी त्या रस्त्यावर जत्रा भरायची. शिफ्ट सुटलेले कामगार सायकलींवर, त्यांच्यामधून उसाच्या ट्रॉल्या, मागे हॉर्न बडवणारे टेम्पो आणि एसट्या. सायकलवाले म्हणायचे, गाडीवाले माजलेत. गाडीवाले म्हणायचे, सायकलवाल्यांना रस्ता बापजाद्यांचा वाटतो. दोघंही ठाण्यात यायचे ते दुसऱ्याची चूक घेऊन. स्वतःची चूक घेऊन आलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

एका संध्याकाळी सरकारी दवाखान्यातून वर्दी आली. एका फौंड्रीतले मिस्त्री सायकलवरून घरी जाताना जखमी झाले होते, पायाचं हाड मोडलं होतं. हवालदारांनी जबाब नोंदवला: मागून टेम्पोने ठोकलं, ड्रायव्हर पळून गेला. रीतसर गुन्हा दाखल झाला, घटनास्थळाचा पंचनामा झाला, सायकलचं वाकलेलं मागचं चाक जप्त झालं. टेम्पोचा नंबर कुणी पाहिला नव्हता. त्या रस्त्याने जाणारे टेम्पो मोजायला बसलो असतो तर निवृत्त होईपर्यंत मोजत राहिलो असतो.

मिस्त्रींना दवाखान्यात पोचवणारा रिक्षावाला दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून ठाण्यात आला. पेपर हातात होता आणि बातमीवर तो नाराज होता. "ड्रायव्हर पळाला म्हणून छापलंय साहेब. त्यानंच तर उचलून माझ्या रिक्षात घातलं. पोरगा कापत हुता नुसता. हात पिवळेजर्द."

हवालदार म्हणाले, भंडारा असेल, कुठल्या तरी यात्रेहून आला असेल. मी मिस्त्रींचा सदरा मागवला. दोन्ही काखांखाली पिवळे पंजे उमटले होते, पडलेल्या माणसाला मागून धरून उचललं की उमटतात तसे. वास घेऊन पाहिला. भंडारा कोरडा असतो, झटकला की जातो. हे तेलात कालवलेलं होतं आणि कापडात मुरलं होतं. ही लग्नाची हळद होती.

आता आमच्याकडे हळद लागलेल्या नवरदेवाला घराबाहेर सोडत नाहीत. वेशीबाहेर तर नाहीच. अक्षता पडेपर्यंत त्याला काही बाधा होऊ नये, अशी समजूत. आणि आम्हाला तर ज्याचे हात हळदीने माखलेले आणि बूड टेम्पोच्या सीटवर, असा माणूस शोधायचा होता. बीटच्या शिपायाने दुपारच्या आत पत्ता आणला. शेजारच्याच गावात दुसऱ्या दिवशी लग्न होतं, मुलगी मुरगूडची, आणि नवरदेव स्वतःचा टेम्पो चालवून पोट भरणारा.

आम्ही साध्या वेशात गेलो. दारात मांडव आणि मांडवात नवरदेवाची आत्या. तिने आम्हाला मुलीकडची माणसं समजून पाट मांडले. "या पावणं, जेवून जावा," म्हणत पानं वाढायलाही घेतली. मी हळूच ओळख सांगितली तेव्हा तिच्या हातातला डाव थांबला. पोरगं कालपासून उंबऱ्याच्या आत आहे, हळद लागल्यावर कुणाचं पोरगं वेशीबाहेर जातं का, असं तिने मला ठणकावून विचारलं. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं.

नवरदेवाला मी गोठ्यात बाजूला घेतलं. डोक्याला मुंडावळ्या बांधायच्या आदल्या दिवशी समोर पोलीस उभा राहिला की काय होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आत्या ऐकत नाही याची खात्री झाल्यावरच तो बोलला. आचारी वेळेवर आला नव्हता, त्याला आणायला म्हणून तो मागच्या दाराने निघाला होता. पुढे उसाची ट्रॉली चालली होती आणि तिच्या मागून अचानक एक सायकल आडवी पडली. ब्रेक दाबूनही चाक सायकलवर चढलंच.

"मी ठोकलं न्हाय साहेब. ते माज्या म्होरं पडलं. पर हे कोन खरं मानंल?"

ठाण्यात का आला नाहीस, असं विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, आत्याला कळलं असतं. मला हसावं की याच्या कानाखाली वाजवावी ते कळेना. कलमं जामिनाची होती, लग्न काही कोठडीत लागणार नव्हतं. पण त्याचं लायसन गेलं तर चूल कशावर पेटणार? आणि अपघात करून पळालेला जावई मुलीकडच्यांनी दारात तरी उभा केला असता का? त्या वेळी तो खरंच रडवेला झाला होता आणि मला त्याची दया आली.

मी थेट दवाखाना गाठला. मिस्त्री म्हणजे भारदस्त माणूस. फौंड्रीत चष्मा न घालता भट्टीजवळ जाणाऱ्यांना ते सर्वांदेखत झापायचे, असं त्यांना भेटायला आलेले कामगारच मला कौतुकाने सांगत होते. मी सगळ्यांना बाहेर काढलं, स्टूल ओढलं आणि विचारलं, "मिस्त्री, ऊस निघाला होता की अडकला होता?"

मिस्त्रींनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. ट्रॉलीतला ऊस ओढून खाणं ही आमच्याकडे कुणाला चोरी वाटतच नाही. ट्रॅक्टरवालाही मागे वळून बघत नाही. सायकलवाला एका हाताने ट्रॉलीची साखळी धरतो, पायडल न मारता फुकट ओढला जातो आणि दुसऱ्या हाताने मोळीतला ऊस उपसतो. शाळेतली पोरं करतात, तसे नातवंडं असलेले आजोबाही करतात.

"निघाला एकदम," मिस्त्री शेवटी म्हणाले. "जोर लावला आन् हिसक्यासरशी मीच मागं. टेम्पो मागनं आला तवर मी खाली पडल्यालो हुतो." मग म्हणाले, "फौंड्रीत कसं तोंड दावायचं साहेब? म्हनून टेम्पोवर घातलं."

मी त्यांना मांडवातली हकिकत सांगितली. अक्षता उद्या दुपारी आहेत हेही सांगितलं. बाकी काही म्हणालो नाही. मिस्त्रींनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, "लिवा. उसासकट लिवा."

पुरवणी जबाब लिहून होतोय तोच दारात नवरदेव उभा. या वेळी आत्याला सांगून आला होता आणि आत्या सोबत आली होती, त्याच्यावरून काही ओवाळून टाकायची तयारी घेऊन. आता तू सुटल्यासारखाच आहेस, असं मी त्याला सांगितलं. तर तो म्हणाला, एक राहिलंय. टेम्पोचा एकच दिवा चालत होता आणि आपण ट्रॉलीच्या फार जवळ होतो. दुसरा दिवा असता तर मिस्त्री आधी दिसले असते. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पुढे ट्रॅक्टरवालाही सापडला. आधी त्याने आवाज चढवला, मग या दोघांचे जबाब ऐकल्यावर खाली आला. ट्रॉलीला मागे लाल दिवा तर सोडाच, साधं लाल फडकंही नव्हतं, हे त्याने कबूल केलं. दिव्यांबद्दल टेम्पोवाला आणि ट्रॅक्टरवाला या दोघांवर कारवाई झाली, आणि टेम्पोने मागून ठोकरल्याचं तपासात दिसत नाही असा अहवाल मी कोर्टाकडे पाठवला. मिस्त्रींना मात्र मी दम भरला. पाय बरा झाल्यावर शिफ्ट सुटताना फौंड्रीच्या फाटकाशी उभं राहायचं आणि साखळी धरणाऱ्याला झापायचं. ते काम त्यांनी पुढे इतक्या आवडीने केलं की कामगार वैतागले.

या तपासानंतर माझी एक सवय बदलली. अपघाताचा जबाब घेताना मी पहिल्यांदा हेच म्हणू लागलो, दुसऱ्याचं राहू दे, तू काय केलंस ते सांग. बहुतेकांना राग यायचा. पण काही जण खरं सांगायचे. रस्ता सगळ्यांचा असतो असं आपण सहज म्हणतो. मग त्यावरची चूकही थोडीथोडी सगळ्यांच्या वाट्याला येते, एवढं मला त्या तिघांनी शिकवलं.

लग्न ठरल्या वेळेला लागलं. दुसऱ्या दिवशी नवं जोडपं दवाखान्यात आलं तेव्हा मी तिथेच होतो. नवरी वाकली तसे मिस्त्री पाय मागे घ्यायला गेले, पण प्लास्टरमधला पाय हलेना. ओशाळून म्हणाले, "माज्या पाया पडू नगंस पोरी. ह्याच्यावर खोटी केस घालत हुतो मी."

तिने पदर सावरत नमस्कार पुरा केला आणि म्हणाली, "पर घातली न्हाईसा की."