पडद्याचा झगा

आमच्या गावात टीचर म्हटलं की एकच. शाळेत टीचर पुष्कळ होत्या, पण दुसऱ्याच्या तोंडातला शब्द काढून घेऊन तो कुणाचा आहे हे चारचौघांत सांगणाऱ्या टीचर त्याच. दुकानात पाव मागितला की मागून आवाज यायचा, "पोर्तुगीज!" एकदा एक किडकिडा माणूस सदऱ्याचं माप देत होता. त्याला म्हणाल्या, "अरबी शब्द. सद्र म्हणजे छाती. तुला आहे का?" माणूस ओशाळला की त्यांचा चेहरा फुलायचा.

त्यांनी लग्न केलं नाही. जन्मभर झगाच घातला, इस्त्रीचा, गुडघ्याखाली चार बोटं. कुणी 'पानी' म्हटलं की कानांवर हात ठेवायच्या. माझ्यावर त्यांचा जीव होता, म्हणून मारही मलाच जास्त. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी शब्दकोश वाचून दाखवायची आणि चुकलं की पट्टी बसायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

आई सातिवलीला एका युनिटमध्ये पडदे शिवायची. बोळिंजला तेव्हा इमारती उठत होत्या आणि नव्या बिऱ्हाडांना खिडक्या झाकायची घाई होती. माझ्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे देवळात फादरच्या हातून पहिला प्रसाद घ्यायला, पांढरा झगा हवा होता. आईनं रिजेक्ट मालातली पांढऱ्याशुभ्र पडद्यांची एक जोडी मागून आणली. कापड चकचकीत, हाताला अगदी मऊ. त्यातल्या एका पडद्याचा तिनं तीन रविवार खपून झगा शिवला. मी आरशापुढून हलेना.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर देवळाच्या अंगणात सगळा गाव जमला होता. टीचरनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, कौतुक करणार. त्यांनी माझ्या झग्याचा घेर उचलला. पडद्याची पट्टी उसवल्यावर राहिलेली सुईची भोकं ओळीनं दिसत होती.

"पडदा!" त्या वर्गात बोलायच्या तशा मोठ्यानं म्हणाल्या. "फारसी शब्द. खिडकीला लावतात, बायका अंगावरही घेतात. काम एकच, झाकायचं. तुझ्या आईनं काय झाकलंय, सांग बघू?"

मी घेर त्यांच्या हातातून सोडवायला बघत होते.

"गरिबी!" त्यांनीच उत्तर दिलं आणि हसल्या. मग सगळेच हसले, फादरसुद्धा. आईनं माझा हात धरला आणि फोटो न काढताच आम्ही घरी आलो. मी शाळा सोडेपर्यंत पोरं मला पडदाच म्हणायची. आईनं मात्र त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

मी आठवडाभर टीचरांकडे फिरकले नाही. आठव्या दिवशी पुन्हा शब्दकोश वाचायला गेले. सांगायला लाज वाटते, पण गेले. आज मी मराठी शिकवते ती त्या बाईमुळेच.

पंधरा वर्षांनी टीचर अंथरुणाला खिळल्या. दोन्ही डोळे गेलेले, जिभेची धार तेवढी शाबूत. आमच्याकडच्या काही म्हाताऱ्या मरणाचे कपडे आधीच शिवून ठेवतात, तसा त्यांनाही झगा हवा होता. गावात त्यांनी दुखावलं नाही असं शिवणारं कुणी उरलं नव्हतं. निरोप आईला आला, ती लगेच गेली.

"सॅटीनचाच हवा, रोझी. देवापुढे जायचंय, चिंध्या नकोत."

"बरं, टीचर," आई म्हणाली.

घरी येऊन तिनं ट्रंकेतून जोडीतला दुसरा पडदा काढला.

"आई, नको गं."

"का? आता कोनाला दिसतंय?" तिनं मशीन सुरू केली. या वेळी भोकं आतल्या बाजूला दुमडून घेतली.

झगा घेऊन आम्ही दोघी गेलो. टीचरनी त्यावरून बोटं फिरवली, पुन्हा पुन्हा फिरवली. आई दारातच उभी राहिली.

"रोझीवर माझा भरवसा नाही," त्या मला म्हणाल्या. "तू माझी विद्यार्थिनी. तू सांग, कापड कसलं आहे?"

मी आईकडे पाहिलं नाही. "सॅटीन, टीचर."

त्यांचा चेहरा फुलला. "सॅटीन! चीनमधल्या एका बंदराच्या नावावरून आलाय शब्द. अरबांनी नेला जगभर." झगा त्यांनी छातीशी धरला. "लिहून घे."

मी पर्समधून पेन काढलं आणि लिहून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांना त्या झग्यात पुरलं. पेटी बंद करण्याआधी आई पुढे झाली, तिनं झग्याचा घेर नीट केला आणि माझ्या कानाशी लागून विचारलं, "फारसी ना गं?"

"हो," मी म्हटलं.