चष्म्याचा फोटो

मुलीला सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तिनं स्कूटरच्या लायसन्ससाठी अर्ज केला. आठवड्याभरात तिला ई-मेल आला. खाली नाव नाही. ‘तुमचा जन्म श्रावणातला, माझाही. फिरायला आवडतं का?’

त्या वेळी सिन्नरच्या एका स्थळाकडे आमचा बायोडाटा गेलेला. आमच्याकडे मुलाकडचे लोक सरळ कधी विचारत नाहीत. आधी दुधवाल्याला विचारतील, मग शेजारणीला. मी म्हटलं, हे नव्या जमान्याचं चौकशी करणं. मुलगी नको म्हणत असताना सायबर कॅफेत बसून एका बोटानं मीच उत्तर टाइप केलं, ‘आवडतं. देवदर्शनाचीही आवड आहे.’ खाली ‘आपला नम्र’!

उत्तर आलं, ‘चष्म्यात तुम्ही फार छान दिसता. संध्याकाळी गेटवर थांबू?’

मला तर गुदगुल्याच झाल्या. मुलीचा चेहरा मात्र उतरला.

“पप्पा, बायोडाट्यातल्या फोटोत चष्मा कुठाय? आईनंच काढायला लावला होता.”

खरंच. स्थळाच्या फोटोत चष्मा नको, हा आमच्या घरचा कडक नियम. चष्म्याचा फोटो एकाच ठिकाणी दिलेला, लायसन्सच्या अर्जाला. तिथंच जन्मतारीख, ई-मेल, कारखान्याचा पत्ता.

“तुमच्या नम्र जावयाला आता घरी चहाला बोलवा,” बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी मुलीला आणायला गेटवर जाऊ लागलो. पानाच्या टपरीशी उभा प्रत्येक माणूस मला तोच वाटायचा. एकाकडे इतका रोखून पाहिलं, की त्यानं विचारलं, “काका, मी तुमचे काही उसने पैसे द्यायचेत का?”

ओळखीच्या वकिलांना गाठलं. ते म्हणाले, “कायदा आहे हो, पण बाहेरून कॉम्प्युटरमध्ये घुसणाऱ्यासाठी. हा तर आतच बसलाय. कुलूप त्याचं, किल्ली त्याची. कुठलं कलम लावायचं, बघावं लागेल.”

ते बघेपर्यंत आम्ही थेट लायसन्सच्या कार्यालयातल्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी ई-मेलची छापील प्रत वाचली, मान हलवली आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. “लेखी द्या. पूर्ण नाव, घरचा पत्ता, मोबाइल नंबर.”

मुलीनं पेन उचललं. “सर, हा कागद पुढे कुणाकडे जाणार?”

“कॉम्प्युटरवर चढवायला. काळजी नको ताई, सगळी आपलीच माणसं.”

काचेपलीकडे तीन जण कॉम्प्युटरवर वाकलेले होते. एकानं वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. कदाचित सहजच पाहिलं असेल.

मुलीनं पेनाला टोपण लावलं. चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि माझा हात धरून जिना उतरली. मोठी झाल्यापासून तिनं माझा हात असा धरला नव्हता.

लायसन्स पोस्टानं आलं. स्कूटर मात्र मीच चालवायचो. ती मागे बसायची.