सुलूसाठी कौल

मालवण, १२ ऑगस्ट १९५९. सकाळी लेकीला, सुलूला, घेऊन देवळात कौल लावायला गेलो.

मुंबईकर वाचक मंडळींनो, तिला तुमच्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. तिची आई जाऊन सहा महिने झाले.

तात्या गुरवांनी पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी देवाला विचारलं, "परक्या शहरात पोरीचं भलं होईल ना?"

तात्या माझ्याकडे वळले. "मास्तर, एकटे पडतलास म्हणान तुमी भियतास. चेडवाचा, ह्या सुलूचा, नाव कित्याक फुडे करतास?"

"तात्यानू, चार दिवस मी ताच सांगतंय," सुलू हसू दाबत म्हणाली.

मी पाकळ्या काढायला लावल्या आणि नवं गाऱ्हाणं घातलं, "माझी भीती तिच्या वाटेत येऊ देऊ नकोस."

"व्हय म्हाराजा," गाऱ्हाण्याला साथ देत तात्या म्हणाले.

देवाला विचारताना आपण मनातलं खरं तेच विचारतो का? तुम्हाला काय वाटतं, कळवा.

सुलू मुंबईला जाण्याची बातमी शेजारी सांगायला गेली आहे. आज मीच तांदूळ धुतले आणि भात चुलीवर ठेवला.